निद्रिताचा साक्षी

भालकी तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आमच्या बीदरच्या कचेरीत आले होते. मोटारसायकलवरून पडून त्यांच्या खालच्या जबड्याचे हाड दोन ठिकाणी मोडले होते, आणि एका मोठ्या रुग्णालयात पट्ट्या बसवून ते सांधण्यात आले होते. हाड उत्तम जुळले होते. जोंधळ्याची भाकरी पुन्हा चावून खाता येते, हे त्यांनी स्वतःच आनंदाने सांगितले. तक्रार निराळीच होती. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त वाहत होते. दोन दिवस घोळणा फुटावा तसे ते येत राहिले. पुढे खपल्या धरल्या, आणि उजवी नाकपुडी जी बंद झाली ती चार महिने लोटले तरी मोकळी झाली नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आत पाहून सांगितले, की जखम भरताना आतले कातडे मधल्या पडद्याला चिकटले आहे. "वकीलसाहेब, जबडा मोडला होता, तो त्यांनी नीट केला," ते म्हणाले, "पण नाकाला काय झालं होतं? ते तर मी चांगलं घेऊन गेलो होतो."

आम्ही कागद चाळले. संमतिपत्रावर त्यांची सही होती. पत्र कन्नडात व इंग्रजीत होते, आणि गृहस्थांस वाचता येत होती ती मराठी; परंतु तेवढ्यावर दावा उभा करणे म्हणजे पाण्यावर भिंत बांधणे. दुखापत लहान, खर्च किरकोळ, हयगयीचा पुरावा शून्य. जे घडले ते घडताना तक्रार करणारा गाढ भुलीत होता आणि खोलीत जे जागे होते ते सर्व रुग्णालयाचे होते. यात दावा करण्यासारखे काही नाही, असे आम्ही त्यांस सांगितले. सल्ल्याची फी घेतली नाही. ते उठले, दाराशी थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मी झोपलो होतो, हीच माझी चूक." हे त्यांनी रागाने म्हटले नव्हते, म्हणूनच कदाचित ते आमच्या मनातून गेले नाही.

आमचे मत कायद्यास धरून होते आणि आजही त्यात आम्ही फरक करणार नाही. तथापि योग्य सल्ला दिला म्हणून मनाचे समाधान होतेच असे नाही. ज्याला कळणार नाही, आठवणार नाही, जो कधी साक्ष देऊ शकणार नाही, अशा माणसाला झालेली टाळता येण्याजोगी लहानशी इजा हा अन्याय आहे किंवा नाही? मोठ्या इजेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मृत्यू झाला, अवयव गेला, की न्यायालये, वर्तमानपत्रे, नातलग सगळेच बोलू लागतात. घोळणा फुटला एवढ्यासाठी कोणी तोंड उघडीत नाही. प्रश्न लहान दिसतो तो यामुळे.

वकिलाने अभिप्राय देण्यापूर्वी वस्तू पाहावी, या जुन्या सवयीने आम्ही आधी ती नळीच पाहावयाची असे ठरविले. अपिलांच्या निमित्ताने उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाकडे आमचे जाणे होते. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून हे जाणे पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. तेथे आमच्या परिचयाच्या एक भूलतज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी चहाच्या टेबलावर आमच्यापुढे ती नळी ठेवली. करंगळीहून थोडी बारीक, पारदर्शक, एका टोकास तिरपी कापलेली, आणि त्या टोकापासून थोड्या अंतरावर फुगविता येण्याजोगा एक लहान फुगा. हिच्यावाटे निद्रितास प्राणवायू मिळतो. फुगा श्वासनलिकेत फुगविला, की रक्त वा पोटातले अन्न फुफ्फुसात उतरण्यास अटकाव होतो. बहुतेक शस्त्रक्रियांत ती तोंडावाटे घालतात. पण काम तोंडातच असले, जबडा सांधून वरचे दात खालच्या दातांवर बरोबर बसतात की नाही हे पाहावयाचे असले, तर तोंडात नळी ठेवून कसे चालेल? मग नाकाची वाट धरावी लागते. नाक दाबले म्हणजे तोंड उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे; येथे तोंड मोकळे हवे म्हणून नाकावर भार येतो.

या वाटेचा इतिहास आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो, हे आम्हांस वाचताना कळले. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठी माणूस शत्रूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे फिरवून नवे नाक बसविले. मुंबई इलाख्याच्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात चित्रासह त्याचे वर्णन छापून आले. त्यावरून कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. पुढे शतकभराने पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या शिपायांस हॅरोल्ड गिलीज सिडकपच्या रुग्णालयात नवे चेहरे देऊ लागले तेव्हा एक अडचण उभी राहिली. भूल द्यावयाचा मुखवटा जेथे धरावयाचा, नेमके तेथेच शल्यवैद्याचे काम! ती अडचण मॅगिल आणि रोबोथॅम या दोघा भूलतज्ज्ञांनी सोडविली. नाकातून नळी सरकवीत न्यावी, तिच्या बाहेरच्या टोकाशी कान लावून श्वासाचा आवाज ऐकावा, आणि आवाज जेथे स्पष्ट होईल त्या दिशेने ती पुढे न्यावी, ही पद्धत मॅगिल यांनी रूढ केली. कापलेले नाक जोडणाऱ्या विद्येच्या वंशातच ही नाकातली नळी जन्मास आली. त्या विद्येने आता चांगले नाक दुखवावे, यात काही विपरीत आहे हे कोणीही मान्य करील.

इजा कशी होते? बाईंनी ते एका वाक्यात सांगितले. "नाकाचा रस्ता वर जात नाही, मागे जातो." चेहऱ्याचे नाक वर चढते म्हणून आतली वाटही वर जात असेल असे नवशिक्यास वाटते आणि तो नळी वर रोखतो. वास्तविक नाकपुडीचा तळ सरळ मागे जातो. बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारख्या वळलेल्या, कोवळ्या कातड्याने मढविलेल्या हाडांच्या घड्या एकीखाली एक असतात. सर्वांत खालच्या घडीच्या खालून, तळास धरून गेले तर वाट त्यातल्या त्यात सुरक्षित. वरून गेले तर घडी सोलली जाते, क्वचित तिचा तुकडा मोडून नळीबरोबर घशात जातो. मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. उन्हात आपला घोळणा फुटतो तो बहुधा तेथेच. आणि मागे, जेथे वाट घशाकडे वळते, तेथे जोर लावला तर नळीचे तिरपे टोक कातड्याखाली घुसून भलतीच वाट पाडते. नळी तळास धरून नेणे म्हणजे जणू नाकासमोर चालणे; साध्या मार्गाने जाणाऱ्यास आपण ते विशेषण का देतो, याचा उलगडा आम्हांस शरीरशास्त्रात व्हावा ही गंमतच म्हणावयाची.

मग टाळावी कशी? येथे आम्ही काही महागड्या यंत्राची अपेक्षा करीत होतो. यंत्रे आहेतच, घशात कॅमेरा उतरवून स्वरयंत्र पडद्यावर दाखविणारी साधने आली आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण बाईंनी जी यादी सांगितली ती ऐकून आमच्या आजीची आठवण झाली. रोग्याला आदल्या दिवशी विचारावे, की बाबा, तुझी कोणती नाकपुडी मोकळी असते. एक दाबून दुसरीने श्वास घ्यावयास लावावा. रक्तवाहिन्या आकसविणारे थेंब नाकात घालावे आणि मुख्य म्हणजे ते घातल्यावर काही मिनिटे थांबावे. नळी ऊन पाण्यात बुडवून मऊ करून घ्यावी. अर्धा-एक आकार लहान घ्यावी. मोठी नळी हा पराक्रम नव्हे. वंगण लावावे. तिरप्या टोकावर मऊ रबरी नळीचे रुंद तोंड टोपीसारखे बसवावे; ती बारीक रबरी नळी पुढे वाट दाखवीत जाते, आणि घशात पोहोचल्यावर तोंडातून ओढून काढून घेता येते. अडले तर ढकलू नये. थोडी फिरवावी, नाही तर मागे घेऊन दुसरी बाजू पाहावी. आणि सर्व झाल्यावर नळी बांधताना ती नाकपुडीच्या कडेला वर ओढली जाणार नाही असे पाहावे, कारण पाच-सहा तास ती कड दाबून राहिली तर कातडे काळे पडते. ऊन पाणी, रबराची नळी, थेंब आणि पाच मिनिटे! तालुक्याच्या दवाखान्यातही यातली कोणती वस्तू मिळणार नाही?

आम्हांस बीदरच्या झरणी नरसिंहाची आठवण झाली. तेथे देवाच्या दर्शनास डोंगराच्या पोटातील अरुंद बोगद्यातून, छातीइतक्या पाण्यातून सुमारे तीनशे मीटर जावे लागते. वर वटवाघळे, दोन्ही बाजूंस खडक. आम्ही गेलो होतो तेव्हा पुढे एक गृहस्थ लेकराला खांद्यावर घेऊन चालले होते. छत जेथे खाली येई तेथे ते मुलाच्या डोक्यावर आपला तळहात धरीत. खडक लागला तर तो हाताला लागावा. मुलाला याचा पत्ताही नव्हता. ते वटवाघळे मोजीत होते.

त्या संध्याकाळी बाई आणखी एक गोष्ट बोलून गेल्या आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तीत आहे. ज्यांचे तोंडच उघडत नाही असे रोगी आपल्या भागात पुष्कळ येतात. गुटखा आणि सुपारी चघळून गालाचे आतले कातडे दोरखंडासारखे ताठ होते. दातांमध्ये उभी तीन बोटे मावावयाची, तेथे एकही मावत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यास बंदी केली, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळकरी पोरेही सांगतील. (सुपारीला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरविले आहे. या मासिकाच्या कोंकणी वाचकांपैकी अनेकांच्या घरी सुपारीच्या बागा आहेत आणि विड्यावाचून आपले एकही मंगल कार्य होत नाही. आपल्या बागेतले फळ औरादच्या पोराचे तोंड बंद करते, याचा विचार कधीतरी निराळ्या लेखात व्हावयास हवा.) अशा रोग्यांस पुष्कळदा जागे ठेवूनच, नाक-घसा औषधाने बधिर करून, वाकणाऱ्या दुर्बिणीवरून नळी घालतात. "त्या वेळी माझा हात आपोआप हलका होतो," बाई म्हणाल्या. "तो माझ्याकडे बघत असतो ना! झोपलेल्याच्या वेळी हात हलका ठेवण्याची आठवण मला स्वतःला करून द्यावी लागते."

नाक तेच, कातडे तेच, जखमही तीच. फरक एवढाच, की एकाचे डोळे उघडे आहेत. आमच्या हातून होणाऱ्या सौजन्यापैकी किती दुसऱ्याच्या डोळ्यांच्या धाकाने होते आणि किती आपले स्वतःचे असते, याचे इतके चोख मोजमाप आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या कायद्यात 'सद्भाव' या शब्दाच्या दोन व्याख्या आहेत, हे सामान्य वाचकांस माहीत नसते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात म्हटले आहे, की जी गोष्ट प्रामाणिकपणे केली ती सद्भावाने केली, मग ती करताना हयगय झालेली असो वा नसो. उलट १८६० च्या दंडसंहितेने, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही, असे म्हटले आहे की योग्य ती काळजी व अवधान यांवाचून केलेले काहीही सद्भावाने केलेले मानले जाणार नाही. पहिल्या व्याख्येत सद्भाव मनात असतो. दुसऱ्या व्याख्येत तो हातात असतो. वैद्याने रोग्याच्या हितासाठी, त्याच्या संमतीने केलेली इजा गुन्हा ठरत नाही ती सद्भावाने केलेली असेल तर, आणि तेथे ही दुसरी, कठोर व्याख्या लागू आहे. आमची वीस वर्षांची वकिली झाली, ही दोन्ही कलमे आम्हांस पाठ आहेत; परंतु ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग एका शेतकऱ्याच्या नाकाने आणला.

अर्थात त्याच संहितेत तेहेतिसावे कलमही आहे. सामान्य समजुतीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा गुन्हा नव्हे, असे ते सांगते. ते योग्यच आहे. नाही तर बसमध्ये पाय तुडविला म्हणून खटले भरले जातील. दिवाणी बाजूस मोठा आधार म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले हा खटला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीने पुण्यास नेले. तेथे पुरती भूल न देता, माणसांचे बळ लावून हाड ओढण्यात आले आणि त्याच दिवशी रात्री तो वारला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाल दिला आणि वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरविताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. मृताच्या आईबापांस तीन हजार रुपये मिळाले. पंधरा वर्षे! आणि तेथे तर मृत्यू झाला होता, बाप स्वतः डॉक्टर होता. भालकीच्या गृहस्थांस आम्ही परत पाठविले ते उगीच नव्हे.

संमतीचेही तसेच. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रोग्याला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच खरी संमती. मात्र दूरच्या, केवळ तर्कातल्या शक्यता सांगत बसण्याची गरज नाही. नाकातून नळी घालताना रक्त येणे ही दूरची शक्यता नव्हे. या उपायात सर्वांत वारंवार होणारी इजा तीच. ती सांगावयास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट रोग्याच्या भाषेत असावे, एवढीच आम्हां सीमाभागातल्या लोकांची जादा मागणी.

आमच्या जिल्ह्यातच, आजच्या बसवकल्याण म्हणजे त्या काळच्या चालुक्यांच्या कल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. वारसाहक्काच्या दाव्यांत आमच्या पिढ्या तिच्यावर जगल्या. तिच्या व्यवहाराध्यायात कुवैद्याच्या दंडाचे वचन आहे. शास्त्र न जाणता वैद्यकी करणाऱ्याने जनावराला अपाय केला तर सर्वांत हलका दंड, सामान्य माणसाला केला तर मधला, राजपुरुषाला केला तर सर्वांत जड. आज हे वाचून आपण हसतो. कायद्यापुढे सर्व समान असे घटनेत लिहून ठेवले आहे. पण आमदारांचे नाक त्या टेबलावर असते, तर ऊन पाणी मागविले गेले नसते काय? स्मृतिकाराने निदान जे होते ते लिहून ठेवले. आपण तो भेद ग्रंथातून काढला आणि हातात ठेवला.

देवळाशी संबंध असलेल्या आपल्या वाचकांस आम्ही एक गोष्ट विचारू इच्छितो. गाभाऱ्यात देवाला स्नान घालताना पडदा ओढतात. पडद्याआड पुजारी आणि देव, तिसरे कोणी नसते. थंडीच्या दिवसांत अभिषेकाचे पाणी कोमट करण्याची चाल पुष्कळ देवळांत आहे. एखाद्या दिवशी पुजाऱ्याने कंटाळा करून गार पाणी ओतले तर कोणास कळणार आहे? मूर्ती कुडकुडत नाही. कायद्याने तिला व्यक्ती मानले आहे, न्यायालये तिला अज्ञान बालकाच्या जागी धरीत आली आहेत, पण ती वकीलपत्रावर सही करीत नाही. तरीही तसे करणाऱ्या पुजाऱ्यास आपण चांगला पुजारी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही हे आपणांस कोणी समजावून द्यावे लागत नाही. रात्री शेजारती करून आपण ज्याला निजवितो आणि पहाटे काकडआरतीने ज्याला जागे करतो, त्याच्या निद्रेत त्याच्याशी कसे वागावे याचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या आपल्याला मिळाले आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा माणूस मूर्तीहून एका बाबतीत तरी वेगळा आहे. तो उद्या जागा होणार आहे आणि दुखणार त्याचे आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की नळी नसती तर शस्त्रक्रियाच झाली नसती. मोठ्या उपकारापुढे थेंबभर रक्ताचा हिशेब मांडणे हा कृतघ्नपणा आहे. हे आम्हांस मान्य नाही. मोठ्या हिताने जेवढी इजा अटळ आहे तेवढीच क्षम्य होते. टाळता आली असती ती इजा त्या हिताच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरा आक्षेप घाईचा. मध्यरात्री अपघातातला रोगी येतो, श्वास कोंडत असतो. तेथे थेंब घालून थांबावयास वेळ नसतो. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. त्या घटकेला जो नाकाचा विचार करील तो मूर्ख. परंतु भालकीच्या गृहस्थांची शस्त्रक्रिया सकाळी दहाची होती आणि तारीख आठवड्याआधी ठरली होती. तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो बाईंनीच काढला. सगळी काळजी घेऊनही काही नाकांतून रक्त येतेच. पडदा वाकडा असतो, कातडे नाजूक असते. रक्त आले म्हणून हयगय झाली असे सिद्ध होत नाही, आणि रक्त आले नाही म्हणून काळजी घेतली असेही नाही. आमच्या अशिलाच्या बाबतीतही कदाचित कोणाचीच चूक नसेल.

हे खरे आहे. आणि म्हणूनच येथे फळावरून न्याय करता येत नाही. पाणी ऊन होते की नाही, थेंब घातल्यावर हात थांबला की नाही, नळी अडली तेव्हा ती ढकलली गेली की मागे घेतली गेली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक असते. मनूने आत्म्यालाच आत्म्याचा साक्षी म्हटले आहे. न्यायालयात बसून बसून आम्ही या वचनाकडे अलंकार म्हणून पाहावयास शिकलो होतो. येथे ते निव्वळ वस्तुस्थितीचे वर्णन आहे. दुसरा साक्षीदार हजरच नाही.

ते गृहस्थ पुढे पुन्हा भेटले. जबड्यातली एक पट्टी काढावयाची म्हणून त्यांना दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली. या वेळी आम्ही शिकविल्याप्रमाणे त्यांनी आदल्या दिवशी डॉक्टरांस सांगितले, की उजवी बाजू चिकटली आहे, डावी मोकळी आहे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी वही काढून ते लिहून घेतले आणि कापसाचा बारीक धागा दोन्ही नाकपुड्यांखाली धरून श्वास पाहिला. "हे आधीच कोणी विचारलं असतं तर!" असे गृहस्थ आम्हांस म्हणाले, आणि पावट्याच्या शेंगा ठेवून गेले.

येथे हा लेख संपावयाचा होता. परंतु दुसऱ्याच्या हाताविषयी इतके लिहिल्यावर आमच्या हाताविषयी न लिहिणे बरे दिसणार नाही. औराद तालुक्यातील एका विधवा बाईंचा वाटणीचा दावा बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे होता. तडजोड झाली. बैठकीत ठरले होते, की विहिरीवर जावयाची वाट धाकट्या दिराच्या शेतातून पूर्वीप्रमाणे राहील. कारकुनाने तडजोडपत्र कन्नडात टंकलिखित करून आणले. बाईंस कन्नड समजत नाही आणि कोणतीच अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहून अंगठा उठविला. आम्ही शेवटचे पान न वाचता सही केली. त्या पानावरून वाटेचे वाक्य गळले होते. हुकूमनामा तसाच झाला. हे आमच्या लक्षात आले ते दोन वर्षांनी, दुसरेच काही शोधताना. तेव्हापासून त्या ओढ्याला वळसा घालून पाणी आणतात आणि कोर्टाचा निकालच तसा आहे असे समजतात. दर हिवाळ्यात आमच्याकडे हुरडा पाठवितात. आम्ही तो घेत आलो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १५२ व्या कलमान्वये, नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट न्यायालयास हुकूमनाम्यात कधीही दुरुस्त करता येते; 'कधीही' हा शब्द कलमातच आहे. बैठकीचे मूळ टिपण आमच्या फायलीत सापडले आणि त्यात वाटेचे वाक्य आहे. दीर हरकत घेईल, घेवो. अर्ज तयार करून टेबलावर ठेवला आहे, या वेळी मराठी तर्जुम्यासह. त्यावर बाईंचा अंगठा घ्यावयाचा आहे, आणि अंगठा घेण्यापूर्वी तो कशासाठी हे त्यांस सांगावयाचे आहे.